थेट दाब

रविवारी सकाळी कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बायकोने त्याच्या पँटचे खिसे उलटे केले आणि मागच्या खिशातून एक चपटं चौकोनी पाकीट निघालं. न फोडलेलं. "अहो, हे तुमचे हातमोजे," ती म्हणाली, "खिशातच होते की." एवढंच म्हणाली. आवाजात ना प्रश्न होता, ना टोमणा. सुटे पैसे किंवा जुनं तिकीट सापडावं तशी म्हणाली. तो चहाचा कप तोंडाशी घेऊन बसला होता. कप तसाच राहिला. "जास्तीचे असतील," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की हे वाक्य आपण दोन दिवस तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं तर द्यायला, जिभेखाली, गोळीसारखं. बायकोने पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, पँट आत टाकली, साबणाची पूड मोजून घातली. पँटवर रक्ताचा एक थेंबही नव्हता. हेही तिला दिसलं असणार. शुक्रवारी संध्याकाळपासून तिने नणंदेला, शेजारणीला, दूधवाल्याला सुद्धा एकच गोष्ट सांगितली होती: "माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला, सगळ्यांचे हातपाय गळालेले, आणि हे दोन मजले चढून हातमोजे घेऊन आले. तेवढ्या गडबडीतसुद्धा नियम विसरले नाहीत." आता मशीन घरघरू लागलं आणि ती काही बोलली नाही. तो गार चहा पीत राहिला. चोराच्या मनात चांदणं, त्याने स्वतःला सांगितलं. तिच्या मनात काहीसुद्धा नसेल.

तो काचेच्या कारखान्यात सुपरवायझर होता. खिडक्यांच्या काचा, दुकानांची दर्शनी तावदानं, आरसे, अकरा वर्षं. चार वर्षांपूर्वी मालकांनी त्याला प्रथमोपचाराच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि तिथून आल्यावर तो जरा बदललाच. दारात त्याचा फोटो लागला, खाली लिहिलेलं: अपघात झाल्यास यांना बोलवा. दर सहा महिन्यांनी तो जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना बसवून अर्धा तास शिकवायचा. गुंडाळलेल्या गादीला हात समजून दाबून दाखवायचा. "रक्त उसळून येत असेल तर पहिलं काम काय? थेट दाब. स्वच्छ कापड घ्या, जखमेवर ठेवा, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबा. माणसाला आडवं करा. इस्पितळाची गाडी बोलवा. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पण पहिलं उचलून बघायचं नाही. थांबलं का, थांबलं का, म्हणून डोकवायचं नाही. ते काय दूध आहे, उतू गेलं का बघायला?" इथे हशा यायचा. हशा कुठे येतो हे त्याला ठाऊक झालं होतं. कामगार त्याला पाठीमागे पट्टीमास्तर म्हणत आणि त्याला ते कळलं तेव्हा आवडलंच होतं. मागच्या वर्गात पॅकिंगवाल्या बाईने हात वर केला होता. ती काचांच्या कोपऱ्यांना पुठ्ठा लावून चिकटपट्ट्या मारायची. बोलणं कमी, काम चोख. "साहेब, हातमोजे नसले तर?" तिने विचारलं. त्याने मागच्या खिशातून पाकीट काढून सगळ्यांसमोर नाचवलं. "ज्याच्या खिशात हे नाही त्याने जखमी होणाऱ्याला थोडं थांबायला सांगावं." सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा, आणि हात खाली घेताना तो लगेच पुठ्ठ्याखाली लपवला. उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. उत्तर साधं होतं, तीन वाक्यांचं: प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर त्याचाच हात त्याच्या जखमेवर ठेवून वरून दाबा, आणि उघड्या हाताला रक्त लागलंच, तर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. त्याला ते पाठ होतं. पण हशा आला होता, आणि हशावर वर्ग संपवायची त्याची पद्धत होती.

शुक्रवारी साडेतीनला पारा आरसा उचलत होता. पारा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना काच कापणारा. एका जागी ठरत नाही म्हणून पारा. एवढा मोठा आरसा एकट्याने उचलायचा नसतो हे त्यानेच दहा जणांना शिकवलं होतं. आरशाला आधीच बारीक चीर असावी. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी जिभेने टक् करावं तेवढाच. वरचा तुकडा सुटून खाली आला आणि पाऱ्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूवरून घसरून जमिनीवर फुटला. पारा म्हणाला, "अरेच्चा." मग बसला. मग रक्त आलं, आणि ते वाहिलं नाही, उडलं. एकदा, दोनदा, मोजून, आत कुणीतरी पंप मारत असल्यासारखं. सुपरवायझर तिथून चार पावलांवर होता, त्याच्याहून जवळ कुणी नव्हतं. ही चार पावलं त्याने नंतर पुन्हा पुन्हा मोजली. त्याच्या डोक्यात सगळं लखलखीत होतं: थेट दाब, आडवा करा, गाडी. शब्द एकामागून एक येत होते, अगदी बिनचूक, आणि त्यांच्या खालचं शरीर त्याचं नव्हतं. उजव्या मांडीच्या मागे, खिशात, पाकिटाचा कोपरा टोचत होता. तेही त्याला कळत होतं. हे विसरणं नव्हतं. विसरणं असतं तर किती बरं झालं असतं! तो कोपरा टोचत असतानाच त्याचं तोंड म्हणालं, "मी हातमोजे आणतो," आणि तो वळला, आणि जिन्याकडे पळाला.

दोन मजले. वरच्या कपाटातली पेटी. कपाटाची किल्ली त्याच्याच जुडग्यात, तरी ती सापडेना. सापडली तेव्हा हात थरथरत नव्हते, हे त्याला विचित्र वाटलं. तिथे शांत होतं. खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर कुणी चादर झटकत होतं. त्याने ती चादर पूर्ण झटकून होईपर्यंत पाहिली. मग पेटी उचलली, हातमोजे चढवले, नीट, बोटं बोटांत बसवून, आणि उतरला. खाली पॅकिंगवाली पाऱ्याच्या छातीला गुडघा टेकून त्याच्या हातावर ओणवी झाली होती. स्वतःचा एप्रन काढून, घडी करून तिने जखमेवर ठेवला होता आणि दोन्ही उघडे तळवे त्यावर रोवून, कोपरं ताठ करून, सगळं वजन टाकलं होतं. अगदी गादीवर दाखवल्यासारखं. तिच्या मनगटांपर्यंत लाल झालं होतं. रक्त उडत नव्हतं. कुणीतरी गाडीला फोन केला होता. म्हणजे सगळं झालं होतं. त्याने करायचं काही उरलंच नव्हतं. आणि नेमकं हेच त्याला सोसवलं नाही. "हो बाजूला, हात काढ, बघू दे मला," तो म्हणाला आणि तिचं मनगट धरून त्याने वर ओढलं. कापड सुटलं. रक्त पुन्हा उसळलं. तिने त्याचा हात झिडकारून तळवे परत रोवले आणि वर न बघता म्हणाली, "उचलायचं नाही, साहेब." त्या 'साहेब'मध्ये राग नव्हता. तिला वाटलं असावं, तो विसरला. त्याने मग पेटीतली पट्टी काढली, तिच्या बोटांवरून, कापडावरून घट्ट गुंडाळली, ती एकेक बोट काढून घेत गेली. गाडी आली तेव्हा हातमोजे त्याच्या हातांत होते, पेटी त्याच्यापाशी होती. गाडीबरोबरच्या माणसाने विचारलं, "दाबून कुणी धरलं होतं? वाचवलंत माणसाला." मालक म्हणाले, "आमचे हे. शिकलेले आहेत." पॅकिंगवाली तेव्हा नळावर हात धूत होती. पाण्याचा आवाज येत होता. तो आवाज बंद होईपर्यंत काही म्हणता आलं असतं.

मशीनने पाणी सोडलं. 'मी आणतो.' हे दोन शब्द त्याने आयुष्यात किती वेळा म्हटले होते? वडील गेले त्या दुपारी त्यांचा श्वास घशात अडकायला लागला, आई पायाशी, भाऊ उशाशी, आणि तो म्हणाला होता, "मी बर्फ आणतो." बर्फ कुणी मागितला नव्हता. तो बर्फ घेऊन आला तेव्हा चेहऱ्यावर चादर ओढून झाली होती, आणि पिशवीतून पाणी गळत होतं, आणि आत्या म्हणाली होती, "किती धावपळ केली रे पोराने." धाकट्या भावाशी लहानपणापासून असलेली अढी त्या दिवशी आणखी पक्की झाली, कारण भाऊ नुसता ओल्या पिशवीकडे बघत राहिला. लोक त्याला धावपळ करणारा म्हणत. लग्नात, आजारपणात, मयताला, 'त्याला सांगा, तो आणेल.' आणायला गेलेल्या माणसाला कुणी पळपुटा म्हणत नाही. परत येताना त्याच्या हातात काहीतरी असतं.

आणि मग ते दुसरं. ते त्याने बावीस वर्षं शब्दांत येऊ दिलं नव्हतं. बायकोला चौथा महिना होता. दुपारी तिने मोरीतून हाक मारली, तो गेला, आणि फरशीवर ते होतं. ती भिंतीला धरून उभी होती, पांढरीफटक. "जवळ या ना," ती म्हणाली. एवढंच मागितलं होतं तिने. शेजारचे मास्तर आवाज ऐकून आले होते, त्यांनी दारातूनच पाहिलं आणि गाडी आणायला धावले. तरी तो म्हणाला, "मी गाडी आणतो," आणि मास्तरांच्या मागून जिना उतरला, आणि खालच्या वळणावर उभा राहिला. मास्तर गाडी घेऊन येईपर्यंत तो तिथे उभा होता. वळणावर कुणीतरी भिंतीवर पेन्सिलीने बेरीज केलेली होती. ती त्याने तपासली. बरोबर होती. मूल गेलं, ते तसंही जाणार होतं, डॉक्टर म्हणाले, तुम्ही काही करू शकला नसता. हे वाक्य त्याने छातीशी धरून ठेवलं. पण जवळ ये म्हणणाऱ्या माणसाजवळ जाण्याचा आणि मूल वाचण्याचा काय संबंध?

खिडकीच्या कट्ट्यावर पाकीट होतं. तो त्याच्याकडे बघत होता आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांपुढे तिचे हात आले. नळाखालचे नव्हे, वर्गातले, पुठ्ठ्याखाली लपवलेले. पुठ्ठा कातडीतलं पाणी पितो. पॅकिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना भेगा असतात, काचेच्या कणांनी पडलेले बारीक काप असतात. उघड्या जखमांवर परक्याचं रक्त, मनगटापर्यंत, दहा मिनिटं. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रक्तातून येणाऱ्या रोगावरचं औषध लागलंच तर जितकं लवकर तितकं बरं, आणि बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही. हे त्याला पाठ होतं. कारखान्यात हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता, आणि शुक्रवारी त्याने तिला काय सांगितलं होतं? "शाब्बास." साडेतीनपासून त्याने बोटांवर मोजलं. त्रेचाळीस तास होत आले होते.

हजेरीच्या वहीतला नंबर त्याच्या फोनमध्ये होता. दोनदा लावला, दोनदा वाजायच्या आत कापला. फोनवर सांगून टाकावं, कोरडं, सूचनेसारखं: कामगारांनी खबरदारी म्हणून वगैरे. वेळ मारून नेता येईल. त्याने दाढी केली. अंघोळ केली. बूट पुसले. बूट पुसताना त्याला स्वतःचीच किळस आली, आणि तो अर्धवट पुसलेल्या बुटांनीच निघाला.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. त्यांनी त्याला वर-खाली पाहिलं आणि चेहरा उजळला. "तुम्हीच का ते साहेब? जीव वाचवला त्या माणसाचा! आत या ना." त्याचा चेहरा आतून भाजल्यासारखा झाला. पॅकिंगवाली ओले हात पुसत बाहेर आली, त्याला बघून थबकली. कामावरून काढतायत की काय, असं तिच्या डोळ्यांत आलेलं त्याने पाहिलं. "जरा बाहेर येता का," तो म्हणाला. तो तिला आजवर एकेरीत बोलवायचा. 'येता' कुठून आलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जिन्याच्या तोंडाशी दोघं उभी राहिली. त्याने सांगितलं. आधी भेगांचं, मग रक्ताचं, मग तासांचं. तिने आपली बोटं उलटी-सुलटी करून पाहिली.

"म्हणजे मला काही होईल?"

"बहुतेक नाही. फार क्वचित होतं. पण तपासायला हवं. आजच."

"आणि हे तुम्हाला शुक्रवारी माहीत होतं?"

"हो."

"मग शुक्रवारी का नाही बोललात?"

उत्तर म्हणून तो म्हणाला, "हातमोजे माझ्या खिशातच होते."

आतून सासूबाईंचा आवाज आला, चहा टाकू का. "नको," ती ओरडली, आणि मग हळू म्हणाली, "दिसले होते मला. तुम्ही वळलात तेव्हा पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. हाक मारणार होते. पण म्हटलं, साहेब घाबरलेत, हाक मारून काय उपयोग. आणि पाऱ्याकाका तिकडे पांढरे पडायला लागले होते." "घाबरण्याचं काही नाही हो साहेब. मीपण घाबरले होते. पण हे? मला छोटं पोर आहे घरी. दोन दिवस त्याला ह्याच हातांनी भरवतेय मी."

पोराला भरवल्याने काही होत नाही, हे तो सांगू शकला असता, आणि त्याने ते सांगितलंही, पण त्याचं त्यालाच ते पट्टीमास्तराचं बोलणं वाटलं.

सरकारी इस्पितळातल्या तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सगळं ऐकून चिडल्या. "त्याच दिवशी यायचं असतं. सांगितलं नाही तुम्हाला कुणी?" पॅकिंगवालीने मान खाली घातली, जणू तिचीच चूक. तो म्हणाला, "मी सांगायला हवं होतं. कारखान्यात प्रथमोपचार मी शिकवतो." बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "हं," म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. त्याला वाटलं होतं, बोललं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. बाईंच्या लेखी तो रविवारच्या अनेक गाढवांपैकी एक होता. मग वरच्या वॉर्डात जाऊन पाऱ्याची परवानगी घ्यावी लागली, त्याचंही रक्त तपासायचं म्हणून. पारा उशीला टेकून बसला होता, डावा हात झोळीत, बोटं हलत होती. "घ्या, घ्या," तो म्हणाला, "राहिलं असेल तर घ्या." मग पॅकिंगवालीकडे बघून, "मला एवढंच आठवतं, हिचा गुडघा माझ्या बरगडीत रुतला होता. म्हटलं, हात वाचेल, बरगडी जाणार." ती हसली. "आणि मास्तर, तुम्ही कुठे होतात? तुमचे बूट बघितल्याचं आठवतंय. जाताना."

"हातमोजे आणायला गेलो होतो," तो म्हणाला. पारा त्याच्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य तयार होतं, तिच्या दाराबाहेर एकदा बोलून झालेलं, आता तर सोपं होतं. पण तेवढ्यात नर्स आली, आणि ते वाक्य बाजूला झालं, आणि बाजूलाच राहिलं.

निकालाला अर्धा तास होता. बाकावर दोघं बसली. तिचा पाय एकसारखा हलत होता. तिने पदराने नव्हे, बाहीने तोंड पुसलं. घशाला कोरड पडली असावी. "पाणी आणतो," तो म्हणाला. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पाण्याच्या यंत्रापाशी रांग होती. तो रांगेत उभा राहिला. पुढे एक म्हातारा बाटली भरत होता, थेंब थेंब. ग्लास भरून तो परत आला तेव्हा बाक रिकामा होता. तिला आत बोलावलं होतं. ती एकटी आत गेली होती, एकटीने ऐकलं होतं, आणि आता दारातून येत होती, दंडावर कापसाचा बोळा दाबून धरलेली. "त्यांचं रक्त स्वच्छ आहे," ती म्हणाली. "मला काविळीची सुई दिली. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, नुसतं खात्री करायला." तिचे डोळे ओले होते. ग्लास बघून ती म्हणाली, "बरं झालं आणलंत," आणि खरोखरच तहान लागल्यासारखी एका दमात प्यायली. ते तिने मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच त्याला ते ऐकवेना.

घरी आला तेव्हा दुपार कलली होती. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याची ती पँटही होती त्यात. तो पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिने कुठे गेला होतात विचारलं नाही. त्यानेच सगळं सांगितलं, चार पावलांपासून बाकापर्यंत. मधे गच्चीवरची चादरसुद्धा. ती ऐकत होती आणि घड्या घालत होती. शेवटी तो म्हणाला, "आपल्या वेळी... त्या दिवशी. गाडी आणायला मास्तर गेले होते. मी खाली जिन्यातच उभा होतो."

तिने एका शर्टाची बाही आत वळवली. "माहीत आहे मला."

"कसं?"

"मोरीची खिडकी जिन्यावरच उघडायची. तुमचं डोकं दिसत होतं."

बाहेर कुठेतरी पोरं चेंडू भिंतीवर मारत होती. तो एकेक ठोका ऐकत राहिला. बावीस वर्षं. तिने त्या खिडकीतून त्याचं डोकं पाहिलं होतं, आणि मग बावीस वर्षं त्याच डोक्याला थंडीत तेल चोळलं होतं, ताप आला तर त्यावर हात ठेवला होता, आणि शेजारणीला सांगितलं होतं, हे दोन मजले चढून गेले.

"मग कधी बोलली का नाहीस?"

तिने हातातली घडी मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कुठे बघायचं ते त्याला कळलं असतं.

"बोलले असते," ती म्हणाली, "तर तुम्ही लगेच काहीतरी आणायला गेला असतात."

आणि त्याच्या पायांत ते सुरू झालं होतंच. पाणी, चहा, कोपऱ्यावरून काहीही. टाचा जमिनीवर टेकल्या होत्या, गुडघे ताठ व्हायला लागले होते. तिलाही ते दिसत होतं. तो उठला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येताना त्याने पाहिलं, आणि हात कुठे ठेवावा ते त्याला समजेना. मधल्या कपड्यांच्या ढिगावरून त्याने तो नुसताच पुढे केला. तिने तो घेतला नाही आणि दूरही सारला नाही. तसाच, उताणा, तो तिथे पडून राहिला, आणि ती रडत राहिली, आणि त्याला ते सगळं बघावं लागलं.